सिरियल लिंक अर्धा मिनिट अप राहते आणि परत पडते, तर शोधायला सुरुवात कुठून करायची

प्रश्न ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. दोन राउटर आहेत, मधे २ एमबीपीएसची लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली कायमची लाइन), दोन्ही टोकांना मोडेम, आणि मोडेमपासून राउटरपर्यंत व्ही.३५ नावाची सिरियल केबल. पलीकडच्या टोकाचा जुना राउटर काढून तिथे दुसऱ्या कंपनीचा नवा बसवला, तेव्हापासून लिंक बंद. अलीकडच्या, म्हणजे तुमच्या बाजूच्या, सिस्को राउटरवर शट, नो शट केलं (इंटरफेस म्हणजे राउटरचा पोर्ट बंद करून परत चालू केला) की लिंक वर येते, साधारण अर्ध्या मिनिटाने लाइन प्रोटोकॉल डाऊन होतो, इंटरफेस मात्र अपच दिसतो. केबल बदलून झाली, राउटर तीनदा रीलोड झाला, सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणतो लाइन क्लीन आहे. आता अजून काय बदलू, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं म्हणणं, अजून काहीच बदलू नका. तुम्ही लिहिलेल्यातली सगळ्यात कामाची माहिती केबलची नाही आणि रीलोडचीही नाही, ती आहे "साधारण अर्ध्या मिनिटाने". तुम्ही ते जाता जाता लिहिलंय पण माझ्यासाठी अर्धं उत्तर तिथेच आहे.

आधी ती एक ओळ नीट वाचू. "शो इंटरफेसेस सिरियल" दिलं की पहिल्याच ओळीत दोन गोष्टी येतात, सिरियल अप की डाऊन आणि लाइन प्रोटोकॉल अप की डाऊन. बरेच जण दोन्ही मिळून एकच निदान काढतात आणि तिथेच घोळ होतो, कारण या दोन शब्दांचे साक्षीदार वेगळे आहेत. पहिला शब्द ठरतो मोडेमकडून राउटरला येणाऱ्या सिग्नलवर, मुख्यतः कॅरिअर डिटेक्टवर, म्हणजे डीसीडी. दुसरा शब्द ठरतो पलीकडच्या राउटरशी खरंच बोलणं होतंय की नाही यावर. आता हे लक्षात घ्या की मधे मोडेम असेल तर पहिला शब्द तुम्हाला फक्त तुमच्या स्वतःच्या मोडेमबद्दल सांगतो, त्या दोन-तीन मीटर केबलबद्दल, पलीकडच्या राउटरबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि तेसुद्धा मोडेमच्या सेटिंगवर आहे, काही मोडेम लाइन गेली की डीसीडी खाली घेतात, काही तो कायम वर धरून ठेवतात, मग लाइन पूर्ण तुटलेली असली तरी तुमचा इंटरफेस अपच दिसत राहतो. म्हणून तुमच्याकडे "अप, डाऊन" दिसतंय याचा अर्थ एवढाच की तुमची केबल लागलेली आहे आणि मोडेम चालू आहे. यापुढचं काही गृहीत धरायचं नाही.

"डाऊन, डाऊन" असतं तर मी तुम्हाला केबल, मोडेमची पॉवर, मोडेमवरचे दिवे हे बघायला लावलं असतं. "ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन" असतं तर कोणीतरी शट देऊन ठेवलंय. ते तुमचं नाही, पुढे जाऊ.

आता तो अर्धा मिनिट. सिस्कोच्या सिरियल इंटरफेसवर काही न लिहिता जे एन्कॅप्सुलेशन (लाइनवर टाकण्यासाठी डेटा गुंडाळायची पद्धत) असतं ते एचडीएलसी. त्यात राउटर दर १० सेकंदांनी एक छोटं कीपअलाइव्ह पॅकेट (मी अजून आहे असं सांगणारं) पाठवतो आणि पलीकडूनही तसंच येईल अशी अपेक्षा धरतो. सलग ३ वेळा हिशोब जुळला नाही की तो लाइन प्रोटोकॉल डाऊन करतो. १० गुणिले ३, म्हणजे अर्धा मिनिट. नो शट दिल्यावर एचडीएलसी आधी लाइन चांगली आहे असं धरून चालतो, प्रोटोकॉल अप करतो, कीपअलाइव्ह पाठवायला लागतो, तीन वेळा उत्तर मिळत नाही आणि मग सोडून देतो. तुम्हाला जी लिंक "आली आणि गेली" असं वाटतंय ती बहुधा आलीच नव्हती. त्या तीस सेकंदांत तुम्ही पलीकडे पिंग करून बघा, एकही परत येणार नाही असा माझा अंदाज आहे, आणि तो अंदाज खरा ठरला तर प्रश्न "लिंक पडते का" असा उरतच नाही. प्रश्न असा होतो की दोन राउटरचं बोलणं सुरूच का होत नाही. हा फरक मोठा आहे, कारण पडणाऱ्या लिंकसाठी माणूस लूज कनेक्शन, गरम होणारा मोडेम, लाइनवरचा नॉइज असलं शोधत बसतो, आणि सुरूच न होणाऱ्या लिंकसाठी कॉन्फिगरेशन बघायचं असतं.

बोलणं सुरू न होण्याची कारणं मोजकी आहेत आणि तुमच्या बाबतीत एक कारण बाकीच्यांच्या बरंच पुढे आहे, ते म्हणजे दोन्ही टोकांचं एन्कॅप्सुलेशन वेगळं असणं. सिस्कोचं एचडीएलसी हे त्यांचं स्वतःचं आहे. मूळ एचडीएलसीच्या फ्रेममध्ये आत कोणता प्रोटोकॉल आहे ते सांगणारी जागा नव्हती, सिस्कोने तिथे २ बाइटचं टाइप फील्ड घातलं. नाव तेच राहिलं पण आतली रचना बदलली. आणि दुसऱ्या काही कंपन्यांच्या राउटरवर सिरियल इंटरफेसचं डीफॉल्ट एचडीएलसी नसून पीपीपी हे दुसरं एन्कॅप्सुलेशन असतं. तुमचा जुना राउटर सिस्कोचा असेल तर दोन्हीकडे डीफॉल्ट एकच होतं, त्यामुळे इतकी वर्षं कोणाला एन्कॅप्सुलेशन हा शब्द टाइप करायचीसुद्धा वेळ आली नाही. नवा राउटर त्याचं स्वतःचं डीफॉल्ट घेऊन आला आणि तेव्हापासून दोघं दोन भाषांत बोलतायत.

इथे एक फसगत आहे जी मी खूप जणांची होताना बघितली आहे. "शो रन" मध्ये, म्हणजे राउटरचं चालू कॉन्फिगरेशन दाखवणाऱ्या कमांडमध्ये, डीफॉल्ट गोष्टी दिसत नाहीत. म्हणजे सिस्कोवर इंटरफेसखाली आयपी ॲड्रेस आहे, डिस्क्रिप्शन आहे, पण एन्कॅप्सुलेशनची ओळच नाही, आणि माणूस म्हणतो की इथे काही सेट नाही म्हणजे काही चुकलेलंही नाही. ओळ नाही याचाच अर्थ एचडीएलसी चालू आहे. त्यामुळे बघायचं ते "शो इंटरफेसेस" मध्ये, तिथे चौथ्या-पाचव्या ओळीच्या आसपास एन्कॅप्सुलेशन काय चालू आहे ते स्पष्ट छापलेलं असतं, आणि तिथेच शेजारी कीपअलाइव्ह १० सेकंद सेट आहे की बंद आहे तेही असतं. दोन्ही टोकांची ही ओळ शेजारी शेजारी ठेवायची. तुम्ही फक्त अलीकडचं आउटपुट टाकलंय, आणि खरं सांगायचं तर सिरियल लिंक एका टोकावरून सोडवणं म्हणजे फोनवर एकाच माणसाचं बोलणं ऐकून भांडण काय आहे ते ओळखण्यासारखं आहे.

फरक निघाला तर दोन्हीकडे पीपीपी लावा असं मी सांगेन. पलीकडच्या राउटरवर सिस्को पद्धतीचं एचडीएलसी निवडायची सोय असू शकते, बऱ्याच कंपन्या ती देतात, आणि अलीकडच्या राउटरला हात लावायची परवानगी नसेल तर तो मार्ग घ्यायला काही हरकत नाही. पण दोन कंपन्यांची उपकरणं समोरासमोर असली की पीपीपीच बरं पडतं. ते १९९४ च्या आरएफसी १६६१ या इंटरनेटच्या मानकामध्ये सगळ्यांसाठी उघडपणे लिहिलेलं आहे, आणि त्यात बोलणं टप्प्याटप्प्याने होतं, त्यामुळे अडलं तर कुठे अडलं ते दिसतं. एचडीएलसी काही बोलत नाही, फक्त पडतो.

बदलताना क्रम सांभाळा. आत्ता लिंक बंदच आहे त्यामुळे पलीकडे कोणीतरी माणूस कन्सोलवर हवा, नाहीतर दुसऱ्या रस्त्याने ॲक्सेस हवा. पण पुढे कधी चालू लिंकवर एन्कॅप्सुलेशन बदलायची वेळ आली तर नेहमी लांबचं टोक आधी आणि जवळचं नंतर. लांबच्या राउटरवर बदल केला की तुमचं टेलनेट (लांबून राउटरवर केलेलं लॉगिन) तिथेच तुटणार, मग जवळचं बदललं की लिंक परत येणार. आणि लांबच्या राउटरवर त्याआधी "रीलोड इन १०" देऊन ठेवायचं, कॉन्फिग सेव्ह न करता. काही चुकलं तर १० मिनिटांनी तो स्वतः रीलोड होऊन जुन्या कॉन्फिगवर परत येतो, जमलं तर "रीलोड कॅन्सल" द्यायचं आणि मग सेव्ह करायचं. फक्त त्याआधी कोणी दुसऱ्याने न सेव्ह केलेले बदल पडून आहेत का ते बघून घ्या, नाहीतर रीलोडमध्ये तेही जातील.

पीपीपी लावल्यावर काय दिसायला हवं. आधी एलसीपी ओपन (लिंक जुळवायचा टप्पा), मग लावलं असेल तर ऑथेंटिकेशन (ओळख पटवणं), मग आयपीसीपी ओपन (आयपीची बोलणी). "शो इंटरफेसेस" मध्येच हे छापून येतं. एलसीपी ओपनच होत नसेल तर पलीकडून काही ऐकूच येत नाही किंवा पलीकडे अजून पीपीपी नाही. एलसीपी ओपन होऊन लगेच बंद, परत ओपन परत बंद, असं दर काही सेकंदांनी चालू असेल तर जवळपास नेहमी ऑथेंटिकेशन. चॅप या ऑथेंटिकेशनच्या पद्धतीत एक गोष्ट सारखी चुकते, प्रत्येक राउटरवर जे युजरनेम लिहायचं ते समोरच्या राउटरचं होस्टनेम असतं, आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट. तुमच्याकडे राउटर बदललाय म्हणजे होस्टनेमही बदललं असणार, त्यामुळे जुन्या नावाचा युजर अलीकडे पडून राहिलाय का ते नक्की बघा. पासवर्ड पेस्ट करताना शेवटी स्पेस चिकटून आली तरी तो पासवर्डचा भाग होऊ शकतो, दोन तास जातात आणि डोळ्यांना काही दिसत नाही. मी तर म्हणेन पहिल्यांदा ऑथेंटिकेशन न लावताच लिंक वर आणा, नंतर ते जोडा.

पीपीपीचा अजून एक सापळा सांगून ठेवतो कारण लिंक वर आली की लगेच त्यात पाय अडकतो. पीपीपी समोरच्या टोकाच्या ॲड्रेससाठी स्वतःहून एक होस्ट रूट (फक्त त्या एका ॲड्रेसकडे जाणारा रस्ता) टाकतो. त्यामुळे दोन टोकांचे आयपी चुकून वेगवेगळ्या सबनेटमधले असले तरी टोकापासून टोकापर्यंत पिंग जातं आणि येतं. मग सगळे खूश, आणि ईआयजीआरपी या राउटिंग प्रोटोकॉलचा शेजारी मात्र बनत नाही, लॉगमध्ये कॉमन सबनेटवर नाही अशी ओरड येते. पिंग चालतंय म्हणून आयपी बरोबर आहेत असं पीपीपीवर समजू नका, मास्कसकट वाचून बघा.

आता समजा एन्कॅप्सुलेशन दोन्हीकडे सारखं निघालं. पलीकडच्या माणसाने नवा राउटर लावताना आठवणीने सिस्को एचडीएलसी निवडलेलं आहे आणि तरीही अर्ध्या मिनिटाने डाऊन. हे झालं तर मला सगळ्यात आवडणारं हत्यार काढायचं, "डिबग सिरियल इंटरफेस". याला लोक उगाच घाबरतात. एचडीएलसीवर हा दर १० सेकंदांना एक ओळ छापतो, राउटरला काही भार पडत नाही. टेलनेटवरून असाल तर "टर्मिनल मॉनिटर" द्यायला विसरू नका, आणि काम झालं की "अनडिबग ऑल".

त्या ओळीत तीन आकडे असतात, मायसीक, माइनसीन आणि युअरसीन. मायसीक म्हणजे मी आत्ता पाठवलेल्या कीपअलाइव्हचा नंबर. युअरसीन म्हणजे समोरच्याकडून मला आलेला शेवटचा नंबर. आणि माइनसीन म्हणजे माझा कोणता नंबर समोरच्याला शेवटचा मिळाला, जो तो मला त्याच्या पॅकेटमधून कळवतो. तिन्ही आकडे बरोबरीने वाढत असतील तर लिंक निरोगी. मायसीक आणि माइनसीनमधलं अंतर ३ झालं की लाइन डाऊन. आता यातली मजबूत गोष्ट बघा. युअरसीन वाढतोय पण माइनसीन जागचा हलत नाही, याचा अर्थ मला समोरच्याचं ऐकू येतंय पण माझं त्याच्यापर्यंत पोचत नाहीये, म्हणजे बिघाड माझ्या पाठवण्याच्या दिशेत आहे. युअरसीन आणि माइनसीन दोन्ही थांबलेले, म्हणजे मला काहीच ऐकू येत नाही, कदाचित समोरच्याला माझं ऐकू येत असेलही, ते त्याच्याकडचा डिबग बघितल्यावर कळेल. आणि युअरसीन जर हुबेहूब माझ्याच मायसीकच्या मागे चालत असेल, तर मी स्वतःचाच आवाज ऐकतोय, मधे कुठेतरी लूप लागलेला आहे. एका आकड्यावरून दिशा कळते, हे दुसऱ्या कुठल्याही कमांडमध्ये इतकं सरळ मिळत नाही.

याच आकड्यांनी मला एकदा वाचवलं होतं. दोन्ही टोकांना अप-डाऊन, दोन्हीकडचे राउटर बदलून झालेले, दोन दिवस गेलेले. डिबग लावला तर आमच्या टोकाला युअरसीन दर १० सेकंदांनी एकेकाने वाढत होता आणि माइनसीन शून्यावर बसलेला. म्हणजे येणारी बाजू ठणठणीत, जाणारी बाजू मेलेली. व्ही.३५ चा तो ३४ पिनांचा जाड चौकोनी कनेक्टर मोडेममधून काढला, टॉर्च आडवा धरून पिना बघितल्या. समोरून बघितल्यावर सगळ्या जागेवर होत्या, पण कडेने बघितल्यावर एक पिन बाकीच्यांपेक्षा आत सरकलेली. त्या कनेक्टरवर पिनांना अक्षरं असतात, पी आणि एस या जोडीवरून राउटरचा डेटा मोडेमकडे जातो आणि आर आणि टी वरून मोडेमकडचा राउटरकडे येतो. सरकलेली पिन पी होती. डीसीडीची पिन वेगळी असल्यामुळे इंटरफेस छान अप दिसत होता, आणि राउटर काढताना-लावताना कोणी तो कनेक्टर थोडा तिरका दाबला असणार एवढंच. तुम्ही केबल बदलली म्हणता, पण राउटरकडची बदलली की मोडेमकडचा कनेक्टरही काढून बघितलात, आणि पलीकडच्या टोकाचं काय? कारण हात लागलाय तो पलीकडे.

त्याच ओघात, नव्या राउटरवर छोटा २६ पिनांचा स्मार्ट सिरियल पोर्ट असेल तर तो कनेक्टर जोर लावला की उलटाही बसतो आणि बसताना पिना वाकवतो. सहज बसत नसेल तर दाबू नका, फिरवून बघा.

क्लॉकबद्दल, म्हणजे बिट कोणत्या तालावर जातील ते ठरवणाऱ्या सिग्नलबद्दल, तुम्ही विचारलंय की "क्लॉक रेट द्यायचा का". नाही. तुमच्याकडे मधे मोडेम आहेत, म्हणजे दोन्ही राउटर डीटीई (क्लॉक घेणारे) आहेत आणि क्लॉक मोडेमकडून येतो. क्लॉक रेट हा लॅबमध्ये दोन राउटर मोडेमशिवाय केबलने थेट जोडले की जो डीसीई (क्लॉक देणारा) असतो त्याने द्यायचा असतो, आणि डीसीई कोण ते कॉन्फिग ठरवत नाही, केबलचं टोक ठरवतं. "शो कंट्रोलर्स सिरियल" मध्ये डीटीई व्ही.३५ की डीसीई व्ही.३५ ते लिहून येतं, केबल नीट बसली नसेल तर नो केबल असंही येतं, आणि क्लॉक मिळतोय का हेही बऱ्याच राउटरवर दिसतं. तुमच्या दोन्ही बाजूंना डीटीई दिसायला हवं. एखाद्या बाजूला डीसीई दिसलं तर चुकीची केबल लागली आहे. आणि "बँडविड्थ" कमांडने लाइनचा स्पीड बदलत नाही, ती फक्त राउटिंगच्या हिशोबासाठी आहे, सिस्कोवर न लिहिता ती १५४४ दिसते म्हणून तुमची २ एमबीपीएस लाइन कमी झाली असं नाही.

मोडेमच्या क्लॉकचा मुद्दा वेगळा आणि तो तुमच्या लाइनवर अवलंबून आहे. प्रोव्हायडरचं नेटवर्क क्लॉक देत असेल तर दोन्ही मोडेम लाइनवरून क्लॉक घेणारे हवेत. दोन मोडेमच्या मधे नुसती तांब्याची जोडी असेल तर एक मोडेम इंटर्नल क्लॉकवर आणि दुसरा त्याच्याकडून घेणारा. दोन्ही इंटर्नलवर राहिले तर दोन घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात आणि ठरावीक अंतराने बिट गळतात. पण त्याचं लक्षण असं असतं की लिंक वर असते, चालत असते, आणि सीआरसी, फ्रेम, अबॉर्ट हे चुका मोजणारे काउंटर झुबक्याने वाढत राहतात. तुमचं लक्षण ते नाही, म्हणून मी तिकडे सगळ्यात शेवटी जाईन. अर्थात राउटर बदलताना कोणी मोडेमच्या स्विचेसना हात लावला असेल तर गोष्ट वेगळी, ते त्या माणसाला सरळ विचारा, रागावून नाही, कारण रागावलं की कोणी खरं सांगत नाही.

आता "लाइन क्लीन आहे". प्रोव्हायडर खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. पण त्याने टेस्ट कुठून कुठपर्यंत केली ते विचारा. बहुतेक वेळा टेस्ट होते ती मोडेमच्या लाइनकडच्या बाजूपर्यंत. मोडेमचा व्ही.३५ पोर्ट, तुमची केबल आणि राउटरचा पोर्ट त्यात येतच नाहीत. तो भाग तुम्हालाच लूपने तपासायचा आहे.

लूपची पद्धत अशी. राउटरवर तेवढ्यापुरतं एचडीएलसी ठेवा, कारण लूप सापडला की त्यात इंटरफेस "अप (लूप्ड)" असं स्पष्ट दाखवतो, तर पीपीपी मॅजिक नंबर या स्वतःच्या खुणेवरून स्वतःचाच आवाज ओळखतो आणि एलसीपी पुढे सरकूच देत नाही. आधी स्वतःच्या मोडेमला लोकल लूप लावा, म्हणजे राउटरकडून आलेलं राउटरकडेच परत. लूप्ड दिसलं तर तुमचा पोर्ट, केबल आणि मोडेमची ती बाजू चांगली. मग तो काढून पलीकडच्या मोडेमला रिमोट लूप. तिथूनही लूप्ड आलं तर लाइनसुद्धा चांगली, आणि बिघाड पलीकडच्या मोडेमच्या व्ही.३५ बाजूला किंवा पलीकडच्या राउटरवर. मग हेच पलीकडून अलीकडे. प्रत्येक पायरीला संशयाची जागा निम्मी होते.

लूप लागलेला असताना एक्स्टेंडेड पिंग द्या, स्वतःच्याच सिरियल ॲड्रेसला, साइझ १५००, काही शेकडा पॅकेट, आणि डेटा पॅटर्न बदलून बदलून. एकदा सगळे शून्य, एकदा सगळे एक, एकदा ५५५५. सगळे शून्य का, तर एचडीएलसीच्या फ्रेमची खूण म्हणजे सलग सहा एक असलेला बाइट, ०११११११०, आणि डेटामध्ये चुकून तशी खूण तयार होऊ नये म्हणून पाठवणारा दर पाच एकांनंतर एक शून्य घुसवतो. म्हणजे नुसत्या एकांच्या डेटात आपोआप शून्य मिसळले जातात, पण नुसत्या शून्यांचा डेटा तसाच्या तसा लाइनवर जातो, तिथे सिग्नल बराच वेळ हलत नाही आणि लाइन कोडिंग (बिटांचे विजेचे सिग्नल बनवायची पद्धत) दोन्हीकडे जुळत नसेल तर समोरच्याचं क्लॉक सुटतं. साधं १०० बाइटचं पिंग जाणारी आणि शून्यांचं १५०० चं पिंग मरणारी लिंक म्हणजे लाइन कोडिंग बघायचं, ई१ प्रकारच्या लाइनवर एचडीबी३ आणि टी१ प्रकारच्या लाइनवर बी८झेडएस.

नवा राउटर व्ही.३५ ऐवजी थेट ई१ कार्ड घेऊन आला असेल, म्हणजे मोडेमचं काम कार्डच करत असेल, तर मात्र वरचं बरंच बाजूला ठेवून फ्रेमिंग (टाइमस्लॉटची मांडणी) बघा. ई१ २०४८ केबीपीएसचा असतो, ३२ टाइमस्लॉट, त्यातला शून्य नंबरचा फ्रेमिंगला जातो. एक टोक अनफ्रेम्ड २०४८ वर आणि दुसरं फ्रेम्ड, ३१ स्लॉट, १९८४ वर असेल तर दोघांना एकमेकांचं काहीही कळणार नाही. सीआरसी४ ही चुका तपासायची सोय एका बाजूला चालू आणि एका बाजूला बंद हाही नेहमीचा घोळ. तुम्ही व्ही.३५ लिहिलंय म्हणून मी ते धरून चाललोय, पण पलीकडे तुम्ही स्वतः गेलेला नाहीत असं वाटतं, तेव्हा खात्री करा.

दोन गोष्टी टाळा असं कळकळीने सांगतो. एक, "नो कीपअलाइव्ह" देऊ नका. कोणीतरी तुम्हाला तो सल्ला दिलाय. दिलात की प्रोटोकॉल लगेच अप होईल आणि अपच राहील, कारण राउटरने विचारणंच बंद केलेलं असेल. डेटा एक बाइटही जाणार नाही आणि रूट मात्र टेबलमध्ये बसून राहील, म्हणजे बॅकअप रस्ता असेल तर तोही वापरला जाणार नाही. एका टोकाला बंद आणि दुसऱ्याला चालू ठेवलं तर एकीकडे अप-अप आणि दुसरीकडे अप-डाऊन असं विचित्र चित्र दिसतं, तुमच्या पलीकडच्या टोकाला आत्ता अप-अप दिसत असेल तर हेच झालेलं असू शकतं, ते बघाच. दुसरी गोष्ट, टेस्ट संपल्यावर लूप काढायला विसरू नका. काही राउटरवर सेटिंगमुळे लूप असतानाही अप-अप दिसतं, आणि स्वतःच्या ॲड्रेसला पिंगही जातं. तसंही पॉइंट टू पॉइंट सिरियलवर सिस्कोचा राउटर स्वतःच्या ॲड्रेसचं पिंग वायरवरून पलीकडे पाठवून परत घेतो, त्यामुळे निरोगी लिंकवर ते जाणं ही चांगली खूण आहे, पण लूपवरही जातं म्हणून ती एकटी पुरावा धरू नका, पलीकडच्या ॲड्रेसचं पिंग हवंच.

काउंटरचं एवढंच, बघण्याआधी "क्लिअर काउंटर्स" द्या आणि वेळ लिहून ठेवा. दोन वर्षांचे साठलेले सीआरसी बघून काही कळत नाही. दहा मिनिटांनी परत बघा काय वाढलं. इनपुट एरर एकूण ट्रॅफिकच्या १ टक्क्यावर गेले तर लाइन किंवा क्लॉककडे बघायचं. कॅरिअर ट्रान्झिशन वाढत असतील तर डीसीडी वर-खाली होतोय, म्हणजे मोडेम किंवा लाइन. आउटपुट ड्रॉप वाढत असतील तर ते बिघाडाचं लक्षण नाही, लाइनच्या मानाने ट्रॅफिक जास्त आहे. तुमच्याकडे पहिल्या दोन्हींचे आकडे शून्याजवळ निघतील असं मला वाटतं आणि तसे निघाले तर एन्कॅप्सुलेशनवरचा माझा संशय अजून पक्का होईल.

तर आता मला एवढं पाठवा. दोन्ही टोकांचं "शो इंटरफेसेस सिरियल" पूर्ण, पलीकडच्या कंपनीची जी समांतर कमांड असेल ती. अलीकडचं "शो कंट्रोलर्स सिरियल" च्या पहिल्या दहा ओळी. आणि नो शट दिल्यापासून एक मिनिटभराचा "डिबग सिरियल इंटरफेस", वेळेच्या शिक्क्यासकट. आयपी आणि पासवर्ड झाकून टाका. तोपर्यंत पलीकडच्या माणसाला फक्त एकच विचारा, त्याच्या सिरियल इंटरफेसवर एन्कॅप्सुलेशन काय लिहिलंय. पीपीपी असं उत्तर आलं तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, अलीकडेही पीपीपी लावा आणि एलसीपी ओपन झालं का ते कळवा.